दिल्ली तुम्ही कुणाबरोबर पाहिलीत?

जेलरोडची
माळा आवरताना आज बाबांचा खाकी होल्डॉल हाती लागला. पट्टा कुजलाय, पण ऑइलपेंटनं लिहिलेलं ‘नासिक रोड’ अजून वाचता येतं. बाबा इथल्या सरकारी प्रेसमध्ये, म्हणजे छापखान्यात होते. १९७९ च्या मे महिन्यात एलटीसी (नोकरीतली प्रवास-सवलत) घेऊन आम्ही चौघं पंजाब मेलनं दिल्लीला गेलो. कुतुबमिनारात तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत सोडायचे. गोल, अरुंद जिना, झरोक्यातून येईल तेवढाच उजेड, चढणारे-उतरणारे एकाच वाटेनं. बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की काचेची बांगडी तडकली आणि वळ उठला. मी दिवसभर रुसून होते, लाल किल्लासुद्धा धड पाहिला नाही.

४ डिसेंबर १९८१ ला त्याच जिन्यातले दिवे गेले आणि चेंगराचेंगरीत ४५ जण गेले. बरीचशी शाळेची मुलं. बाबांनी पेपर वाचला, घडी घातली, मला जवळ बोलावलं आणि माझं मनगट हातात घेऊन बसून राहिले. बोलले काहीच नाहीत. तो जिना तेव्हापासून बंद आहे.

तुमच्या आठवणी लिहा ना.

गोदाकाठ
अंगावर काटा आला गं. बाबा कसे आहेत आता?

जेलरोडची
नव्वदीला टेकलेत. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत.

ओझरचा
आम्ही एचएएलच्या, म्हणजे विमान कारखान्याच्या कॉलनीतली तीन कुटुंबं मिळून गेलो होतो. कुतुबच्या आवारातल्या लोखंडी खांबाला पाठ टेकवायची आणि हात मागे नेऊन बोटं जुळवायची. जुळली की इच्छा पूर्ण. वडिलांची दोन बोटांनी कमी पडत होती, तर शेजारच्या काकांनी मागे जाऊन हळूच ओढून जुळवून दिली! आता १९९७ पासून कुंपण आहे, हात लावता येत नाही.
वडील फिटर. ‘गंजत कसा नाही’ हे त्यांच्या डोक्यातून भुसावळपर्यंत गेलं नाही. पुढे मी मेटलर्जीला गेलो तेव्हा कळलं, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे सुरुवातीला जो पातळ थर धरतो तोच पुढे आतलं लोखंड राखतो. सोळाशे वर्षं. होस्टेलवरून फोन करून सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे गंजच गंजाला अडवतो.” दोन तासांचं लेक्चर त्यांनी एका वाक्यात सांगितलं. फार अभिमान वाटला होता मला त्यांचा.

सातपूरची सुगरण
भुसावळ म्हटलं की केळी आठवली 😀 प्रवासाला काय न्यायचात सगळे? सासूबाई दशम्या निव्वळ दुधात भिजवायच्या, पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशीही मऊ. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कोंडाजीचा चिवडा.

गोदाकाठ
कणीक ना? गूळ कधी घालायचा?

सातपूरची सुगरण
कणीकच. गूळ आधी दुधात विरघळवून घ्यायचा. कुकर झालाय, नंतर लिहिते.

सिन्नरची सून
आम्ही जानेवारीत गेलो होतो, सासरे सोबत. नाना सातवी शिकलेले, पण इतिहास तोंडपाठ. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये गाईड शहाजहानचं मयूरासन सांगत होता आणि नाना वर बघत उभे. मग माझ्या मुलाला म्हणाले, “इथलं चांदीचं छत १७६० साली सदाशिवरावभाऊसाहेबांनी उतरवलं. हौस म्हणून नाही बाळा, फौज उपाशी होती.” मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्यानं विचारलं, “मग पोट भरलं का त्यांचं?” नानांना उत्तर देता आलं नाही.
दुसऱ्या दिवशी आग्रा रद्द करून पानिपतला गेलो, नानांनी हट्टच धरला. काला आंबच्या स्मारकापाशी त्यांनी खिशातून तिळगुळाची पुडी काढली. सिन्नरहून आणलेली, आम्हाला पत्ताच नव्हता. १४ जानेवारी नव्हती, चार दिवस उलटून गेले होते, तरी स्मारकापुढे ठेवली. ताजमहाल हुकला म्हणून मी तेव्हा चिडले होते. आता नाना नाहीत. ते दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून उभे आहेत, तो एकच फोटो आहे.

ओझरचा
मुलाचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

सिडकोतला
जरा वेगळं विचारतो, आईवडिलांना घेऊन जायचंय. पंजाब मेल बरी की मंगला?

गोदाकाठ
मंगला निजामुद्दीनला सोडते, पंजाब मेल नवी दिल्लीला. मुक्काम कुठे आहे ते बघून ठरवा. आणि मे नको हो, म्हाताऱ्या माणसांना ऊन झेपत नाही.

निफाडकर
मामा तोफखान्यात होता, ट्रेनिंग इथंच नाशिकरोड कॅम्पला. १९७१ च्या लढाईत गेला. आई तेव्हा चौदा वर्षांची. २०२२ मध्ये तिला इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नेलं. त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव आहे. शोधायला अर्धा तास गेला. मी नाव वाचून दाखवलं तर म्हणाली, परत वाच. तीनदा वाचायला लावलं. मग पदरानं वीट पुसली. स्वच्छच होती. दगड तापला होता, तरी हात ठेवून उभी राहिली आणि त्याला घरच्या नावानं हाक मारली. बाकी दिल्ली तिनं पाहिलीच नाही, म्हणाली, माझं झालं.

सातपूरची सुगरण
दादा, आईंना नमस्कार सांगा. दशमीचं उद्या लिहिते, आज नको.

जेलरोडची
तुमचं सगळ्यांचं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. निफाडकरांचं दोनदा. मग त्यांनी होल्डॉल मांडीवर घेतला, पट्टा चाचपला आणि मला विचारलं, “बांगडी कुठल्या रंगाची होती गं?” मला आठवेना. त्यांना आठवत होतं. हिरवी.