कनूतून फ्लाय फिशिंग: कोणते रॉड न्यावेत, आणि लाइनचा गुंता कसा टाळावा?

उथळ_पाणी

जूनमध्ये कॅनडातल्या क्वेटिको उद्यानात दोघांची कनू-सफर (कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) ठरली आहे. कनू १७ फुटी, रोज मुक्काम बदलणार, वाटेत बरीच पोर्टेज (कनू आणि सामान उचलून चालत न्यायच्या वाटा). काठावरून किंवा गुडघाभर पाण्यात उभं राहून कास्टिंग करायची (रॉडने लाइन फेकायची) आम्हाला सवय आहे. सामान भरलेल्या कनूत बसून, मागे दुसरा माणूस असताना कास्ट करणं मात्र अगदी वेगळं काम आहे, म्हणून आधी विचारून घेतो.

मासे मुख्यतः स्मॉलमाउथ बास आणि पाइक. लेक ट्राउट मिळाला तर आनंदच. एका रॉडवर भागेल का? लाइन सामानात अडकू नये म्हणून काय करता? आणि पोर्टेजवर रॉड जोडलेला ठेवावा की दर वेळी सोडवून नळीत घालावा?

---

मागचं_वल्हं

रॉड कोणता हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की कास्ट करताना कनू कशी उभी असेल? कनूतलं निम्मं कास्टिंग मागे बसलेला माणूस वल्ह्याने करत असतो.

कनूची नाळ (पुढचं टोक) काठाकडे करून पुढच्याने सरळ समोर कास्ट केलं, तर बॅककास्टची (मागे जाणाऱ्या फेकीची) लाइन मागच्याच्या डोक्यावरून जाते. वारा जरा फिरला की गळ कानात किंवा मानेत. त्यामुळे कनू काठाला समांतर ठेवा, १२ ते १५ मीटर अंतरावर, आणि काठाकडे काटकोनात कास्ट करा. बॅककास्ट मोकळ्या पाण्यावर जातो.

आता बाजू. पुढे बसलेला उजव्या हाताने कास्ट करत असेल, तर काठ त्याच्या डावीकडे हवा. डावीकडे वळला की त्याचा उजवा हात नाळेच्या बाजूला येतो आणि लाइन मागच्यापासून लांब राहते. मागचा उजव्या हाताने कास्ट करणार असेल, तर काठ उजवीकडे हवा. डावखुऱ्यांनी नेमकं उलटं करायचं. त्यामुळे तळ्याला कोणत्या दिशेने वळसा घालायचा हेसुद्धा कास्ट कोण करणार यावर ठरतं. एका वेळी एकानेच कास्ट करायचं, दुसऱ्याने वल्हं धरायचं. दोघं एकदम सुरू झाले की कनू वाऱ्याच्या ताब्यात जाते आणि मग कोणालाच नीट कास्ट करता येत नाही.

मागच्याने वल्ह्याचं पातं पाण्यातच ठेवावं आणि तिथल्या तिथे हलक्या हाताने कनू सावरावी. कास्ट सुरू असताना पातं वर उचललं तर लाइन नेमकी त्यालाच गुंडाळते.

बसून कास्ट करताना हात पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच असतो, म्हणून बॅककास्ट मागे न फेकता वर फेका. तो खाली आला तर पाण्याला टेकतो आणि पुढच्या फेकीतला जोर जातो. १२ मीटरचं नेमकं कास्ट पुरतं. लांब फेकायच्या नादात खांदे डोलतात, कनू डोलते, लाटा काठापर्यंत जातात आणि उथळातला बास सावध होतो. भरलेल्या कनूत उभं राहू नका, पाणी आरशासारखं शांत असलं तरीही.

ओढून घेतलेली लाइन कुठे ठेवायची? पायांमध्ये तळाशी ओला टॉवेल पसरा आणि त्यावर सोडा. ओल्या कापडावर लाइन सरकत नाही, वाऱ्यानेही उडत नाही. घडीची उथळ बादली असेल तर आणखी बरं. बुटांच्या नाड्या आत खोचा, सॅकचे बक्कल टॉवेलखाली झाका. लाइफ जॅकेटच्या पुढच्या खिशांवर पक्कड, कात्री वगैरे लटकवू नका, लाइन तिथेच अडकते. जॅकेट मात्र अंगातून काढायचं नाही.

---

आठ_वेट

वरच्या सगळ्याशी सहमत. आता सामान.

एकच रॉड न्यायचा तर ९ फुटी, चार तुकड्यांचा ८-वेट (हा आकडा जेवढा मोठा, तेवढ्या जड लाइनसाठी रॉड). ६-वेटवर स्मॉलमाउथची मजा जास्त येते हे खरं, पण पाइकसाठी लागणारी १५ सेंमीची पिसांची फ्लाय (गळावर बांधलेलं नकली आमिष) ६-वेटने फेकणं म्हणजे मनगटाला शिक्षा आहे. वाऱ्यात तर फ्लाय पुढे जाऊन पडत नाही, मानेवर येते. ८-वेट बाससाठी थोडा जड पडतो, पण चालतो. दोघं आहात तर एक ६ आणि एक ८ न्या. एक मोडला तर दुसरा आहे, आणि वल्हं व रॉड आळीपाळीने घेताना दोन्हींचा उपयोग होतो.

८-वेटवर वेट-फॉरवर्ड (पुढचा भाग जड असलेली) तरंगती लाइन, आणि जादा स्पूलवर बुडती. बासच्या लीडरला (लाइन आणि फ्लाय यांच्या मधला बारीक धागा) ९ फूट लांबी आणि शेवटी १एक्स जाडीचं टिपेट (लीडरचं बारीक टोक) पुरे. पाइकसाठी लीडर आखूड, ७ फुटांच्या आसपास, आणि शेवटी गाठ मारता येणारी २० ते ३० पौंडी तार, ३० सेंमी तरी हवीच. तारेऐवजी जाड फ्लुरोकार्बन वापरणारे आहेत, पण त्यावर दातांचे चरे पडतात आणि दर माशानंतर बोटाने तपासावं लागतं. ते विसरलं की पुढच्या पाइकच्या तोंडात फ्लाय राहते. तारच बरी.

फ्लाय मोजक्याच न्या. बाससाठी पॉपर ४ आणि ६ नंबर, क्लाउझर मिनो २ ते ४ नंबर, काळा आणि ऑलिव्ह वूली बगर ६ नंबर. पाइकसाठी २/० गळावरचे लांब पिसांचे स्ट्रीमर, पांढरा-लाल आणि पिवळा. प्रत्येक प्रकाराचे तीन-चार नग ठेवा, कारण बुडालेल्या झाडांत फ्लाय जातातच.

नियम महत्त्वाचा: क्वेटिकोत कृत्रिम आमिषच चालतं आणि गळाला उलटा काटा चालत नाही. जळवा, गांडुळं, जिवंत मासे नेऊ नका. उलटा काटा पकडीने पूर्ण सपाट दाबा आणि गळ सुती कापडात टोचून बाहेर काढा. धागा ओढला गेला तर काटा अजून शिल्लक आहे. हे घरीच करा, कारण जुना ठिसूळ गळ दाबताना मोडतोही.

आणखी एक विनंती. जूनच्या पूर्वार्धात स्मॉलमाउथ काठाजवळ, मीटर-दोन मीटर पाण्यात, वाळू-गोट्यांवर घरटी करतो. तळाशी साफ केलेला फिकट गोल डाग आणि त्यावर एकच मासा थांबलेला दिसला, तर तिथे फ्लाय टाकू नका. तो नर अंडी राखत असतो. तो पकडला गेला की छोटे मासे लगेच अंड्यांवर तुटून पडतात, मग पाच मिनिटांनी सोडूनही उपयोग नसतो. घरट्यांपासून दूर, बुडालेले ओंडके आणि मोठ्या खडकांच्या सावलीच्या कडा शोधा.

---

पोर्टेजवाट

रॉड बहुतेक वेळा मासा ओढताना मोडत नाही. तो मोडतो पोर्टेजच्या दोन टोकांना, सामान चढवता-उतरवताना, कोणाच्या तरी बुटाखाली. रॉड शेवटी चढवायचा आणि सगळ्यात आधी उतरवून झाडाला उभा टेकवायचा, ही शिस्त दोघांनी पाळली तर निम्मा धोका टळतो.

पोर्टेज छोटं असेल तर चार तुकडे सुटे करायची गरज नाही. मधला सांधा सोडवून दोन अर्धे करा, लाइन तशीच राहू द्या, अर्धे शेजारी ठेवून दोन वेलक्रो पट्ट्यांनी बांधा आणि रीलवर दोन वेढे घेऊन ढील काढा. चालताना टोक मागे, मूठ पुढे. टोक पुढे असलं की ते पहिल्याच फांदीत घुसतं. कनूच्या आत कडेला बांधून नेणार असाल तरी हाच नियम, आणि टोक कनूबाहेर आलेलं नसावं. वाट लांब किंवा झाडीची असेल तर सरळ नळीत घाला.

दिवसभर कास्ट करताना सांधे सैल होतात. तासाभराने एकदा हाताने घट्ट करा. सैल सांध्यावर जोर आला की तिथेच तडकतो. जड डोळ्यांची क्लाउझर कास्टमध्ये रॉडवर आपटली तर बारीक चीर पडते आणि ती दुसऱ्या दिवशी माशासकट उघड होते. म्हणून जड फ्लाय फेकताना लूप (हवेत लाइनला पडणारं वळण) मोठा ठेवा.

आणि डास. डीट असलेलं मलम फ्लाय लाइनचं आवरण विरघळवतं. लाइन चिकट होते, मग तडे जातात. पिकारिडिन वापरा, त्याने प्लास्टिक खराब होत नाही. डीटच हवं असेल तर हाताच्या मागच्या बाजूने लावा आणि तळवे साबणाने धुवा, तेही तळ्यापासून दूर.

---

उथळ_पाणी

खूप उपयोगी, सर्वांचे आभार. घरट्यांचं माहीत नव्हतं, लक्षात ठेवू. दोन शंका उरल्या. वाऱ्यात कनू एका जागी ठेवायला नांगर न्यावा का? आणि मोठा पाइक कनूत घ्यायचा कसा?

---

मागचं_वल्हं

लोखंडी नांगर नको. रिकामी जाळीची पिशवी आणि १५ मीटर दोर न्या, दगड तिथेच मिळतात. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट सोडायचा, म्हणजे चार-पाच मीटरपर्यंतच्या पाण्यात हे जमतं. दोर नाळेला किंवा मागच्या टोकाला बांधा, मध्यावर कडेला कधीच नाही. कडेला बांधलं की कनू लाटांना आडवी होते आणि पाणी आत येतं. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. वाहत्या पाण्यात नांगर टाकूच नका.

लेक ट्राउटसाठी मात्र नांगराचा उपयोग होतो. सेकंदाला १५ सेंमी बुडणाऱ्या लाइनला १० मीटर खाली जायला मिनिटाहून जास्त लागतं आणि तेवढ्यात मोकळी कनू वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जाते. त्या खोलीला तिप्पट म्हणजे ३० मीटर दोर लागेल. तो न्यायचा नसेल तर २५ मीटर बुडती लाइन मागे सोडून संथ वल्हवा. रॉडला दोरी बांधा, नाहीतर लाइन खडकात अडकली की रॉड पाण्यात.

मोठा पाइक कनूत घ्यायचाच नाही. लागल्याबरोबर मागच्याने कनू काठापासून मोकळ्या पाण्यात न्यावी आणि नाळ माशाकडे ठेवावी. मासा कनू उलटवत नाही, त्याच्याकडे वाकलेली दोन माणसं उलटवतात. पुढचा एका बाजूला झुकला की मागच्याने मध्यावर स्थिर बसायचं. रबरी जाळीत मासा पाण्यातच धरा, २५ सेंमी लांबीच्या पकडीने गळ फिरवून काढा. गळ खोल गेला असेल तर पाइकच्या तोंडात बोटं घालू नका, जबडा उघडा धरणारा चिमटा वापरा. तोही जमत नसेल तर तार गळाजवळ कापून मासा सोडा.