व्हीलचेअर घेऊन गंगेवर फेरी होते का?

प्रेषक: पंचवटीची लेक, लीड्स

नमस्कार मंडळी,

जानेवारीत तीन आठवडे नाशिकला आहे. आई ७९ वर्षांची. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. तिचं एकच मागणं आहे: "मला एकदा गंगेवर फिरवून आण." दर्शन नव्हे, फिरवून. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर ती संध्याकाळी जी फेरी मारायची, तीच तिला हवी आहे. मालेगाव स्टँडवरून खाली रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, गाडगे महाराज पूल, पलीकडे भांडी बाजार, वर रविवार कारंजा आणि होळकर पुलावरून परत. (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.)

अलीकडे कुणी तिथे व्हीलचेअर नेली आहे का? भावाला विचारलं तर म्हणतो, "होईल गं, चार पोरं उचलतील." आईला उचलून घ्यायचं नाहीये.

प्रेषक: रविवार कारंजा, स्लाउ

अगं, कसली काळजी करतेस! ती फेरी म्हणजे घरचं अंगण. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला आम्ही यशवंतराव महाराज पटांगणावर जायचो, व्याख्यान कमी आणि भेळ जास्त. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायची आणि रंग धुवायला थेट गंगेत. त्या सगळ्या रस्त्यावर मला तरी एकही पायरी आठवत नाही. बिनधास्त ने आईला. आणि येताना चिवडा आण.

प्रेषक: इंदिरानगर, मिल्टन कीन्स

काका, पायरी आठवत नाही कारण तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होतात.

ताई, मी स्थापत्य अभियंता, म्हणून हिशोबाने सांगतो. आपल्याकडच्या सुगम्यतेच्या नियमांत रॅम्पचा उतार एकास बारा धरतात. एक फूट चढायला बारा फूट लांबी. घाटाच्या वीस पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दहा फूट उंची. त्याला १२० फूट रॅम्प लागेल, मध्ये विसाव्याचे सपाट टप्पे वेगळेच. घाटावर हे सहज बसत नाही. पायऱ्या तिथे उगाच नाहीत. नदी उन्हाळ्यात तळाला आणि पावसाळ्यात छातीला येते, पाणी कुठेही असो, कुठल्या तरी पायरीवर बसून हात लावता आला पाहिजे.

तेव्हा पाण्यापर्यंत जायचा हट्ट सोडा आणि घाटाच्या वरून जाणारी वाट धरा. पलीकडचा काठ मात्र अवघड आहे. जुनं नाशिक नऊ टेकांवर, म्हणजे टेकड्यांवर, वसलंय: म्हसरूळ टेक, चित्रघंटा, जुनी गढी वगैरे. भांडी बाजारातून रविवार कारंज्याकडे जायचं म्हणजे चढच. सपाटच हवं असेल तर गंगापूर रोडच्या बाजूला गोदापार्क आहे, पण पुरांनी तो बऱ्याच ठिकाणी उखडलाय.

बुधवारी जाऊ नका, नदीकाठी आठवडे बाजार असतो. सोमवार आणि अमावास्याही टाळा.

प्रेषक: पंचवटीची लेक, मुक्काम नाशिक

मंडळी, काल जाऊन आलो. आधी निकाल सांगते: पूर्ण फेरी झाली नाही. निम्मी झाली.

गोदापार्कचं आईला सुचवून पाहिलं. "तिथे जाऊन काय करू? तिथे माझ्या ओळखीचं काही नाही." विषय संपला.

खुर्ची इथेच एका रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत भरून घेतली. लोखंडी, जड, पुढची चाकं लहान आणि टणक. सगळा घात या पुढच्या चाकांचा. मागचं मोठं चाक खड्डा ओलांडून जातं, पुढचं गटाराच्या जाळीत किंवा दोन फरश्यांच्या फटीत जाऊन बसतं आणि माणूस पुढे कलंडतो. हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलायची आणि मागच्या दोनच चाकांवर जाळी पार करायची. भाच्याला खुर्चीत बसवून अंगणात दोन दिवस सराव केला. तो एकदा पडला, पण त्याला मजा आली.

सकाळी पावणेसातला मालेगाव स्टँडला रिक्षातून उतरलो. तिथून रामकुंडाकडचा उतार चांगलाच आहे. अशा उतारावर खुर्ची उलटी न्यायची असते, बसणाऱ्याचं तोंड वर चढाकडे आणि ढकलणारा खाली. आई चिडली. "इतक्या वर्षांनी गंगेवर आले आणि गंगेकडे पाठ करून जाऊ?" शेवटी पाठमोरीच उतरली, पण मान वळवून वळवून मागे बघत होती. त्यानेच जास्त भीती वाटली.

रामकुंडावर त्या वेळीही गर्दी होती. फरशी ओली, त्यावर फुलं आणि भाताच्या पिंडांचा चिखल. ओल्यात ब्रेक लावूनही खुर्ची सरकते, म्हणून चाकांमागे भाच्याने आपल्या चपला लावल्या. एक गुरुजी लगबगीने आले. "कोणाचं करायचंय?" आई म्हणाली, "अजून कोणाचं नाही, मी जिवंत आहे." गुरुजी मोठ्याने हसले आणि त्यांनीच तांब्याभर पाणी आणून तिच्या हातावर घातलं. दादा, तुमचा रॅम्पचा प्रश्न तांब्याने सुटला.

कपालेश्वराच्या पायऱ्या खालूनच पाहिल्या. तिथे शंकरासमोर नंदी नाही हे तुम्हाला माहीत असेलच. ब्रह्महत्येचं पातक फेडायला रामकुंडाची वाट नंदीने दाखवली, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा. आईने खालूनच हात जोडले. "वर नंदी नाही, मीही नाही."

आता खरी तक्रार. मला भीती होती चढउतारांची आणि पायऱ्यांची, पण त्या लांबून दिसतात, माणूस तयारीत असतो. आम्हाला अडवलं न दिसणाऱ्या गोष्टींनी. जुनी दगडी फरशी संपून नवी सुरू होते तिथे चार बोटं उंचीची कड. अशी कड दोन ठिकाणी. चालणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही. काका, तुमचं काही चुकलं नव्हतं, तिला पायरी कोण म्हणेल! खुर्चीला मात्र ती भिंत. आणि एके ठिकाणी दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब. मधली फट खुर्चीच्या मागच्या चाकांपेक्षा वीतभर कमी. आईला खांबाला धरून उभं केलं, खुर्ची मिटून पलीकडे नेली, पुन्हा उघडली. खांबांच्या पलीकडे दोन स्कूटर व्यवस्थित उभ्या होत्या.

त्यानंतर दुतोंड्या मारुती. इथे आम्ही अर्धा तास थांबलो. बाहेरगावच्यांना तो नुसता मोठा पुतळा वाटतो. आमच्यासाठी तो पुराची पट्टी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्यूसेक ते रेडिओ सांगायचा, पण आळीत विचारायचे ते, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघे म्हणजे नेहमीचं, कंबर म्हणजे दुकानं आवरा, छाती म्हणजे माळ्यावर सामान. ऑगस्ट २०१९ मध्ये तो पूर्ण बुडाला होता. आई त्याच्याकडे बघत मला वर्षं सांगत होती, कुठल्या साली कुठपर्यंत. मी काही लिहून घेतलं नाही, घ्यायला हवं होतं.

तिथे बसल्यावर लक्षात आलं की सगळ्या फेरीत हा एकच देव असा, ज्याला गाभारा नाही, उंबरा नाही, आणि जो खुर्चीतूनही सगळ्यांना दिसतो तेवढाच दिसतो.

नारोशंकराच्या आत गेलो नाही, पायऱ्या आहेत. पण घंटा बाहेरूनच बघायची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची ही पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे. देऊळ नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलं. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर, हे मारुतीच्याही वरचं माप. खुर्ची जरा मागे कलती केल्यावर आईला ती नीट दिसली.

पुढे गाडगे महाराज पुलापाशी उभं राहून पलीकडचा चढ पाहिला आणि मुकाट्याने रिक्षा केली. होळकर पुलावर आईने रिक्षावाल्याला गाडी हळू घ्यायला लावली. मागून हॉर्नवर हॉर्न. पुलावरून आख्खं रामकुंड दिसतं. ती म्हणाली, "झाली फेरी." मी वाद घातला नाही.

प्रेषक: रविवार कारंजा, स्लाउ

वाचून डोळे भरून आले. माझी चूक कबूल. एक प्रस्ताव मांडतो: २०२७ च्या सिंहस्थाआधी आपल्या मंडळाने वर्गणी काढून रामकुंडावर दहा व्हीलचेअर भेट द्याव्यात. मंडळाचं नाव घालून. पहिले शंभर पौंड माझे.

प्रेषक: पंचवटीची लेक, मुक्काम नाशिक

काका, रागावू नका, पण खुर्च्या नकोत. त्या शहरात मिळतात, मला एका दिवसात मिळाली. दहा खुर्च्या त्या खांबांच्या अलीकडे रांगेत उभ्या राहतील, वर मंडळाचं नाव.

तुमच्या शंभर पौंडांचं काही करायचंच असेल तर फळ्या करू. कालच्या कडा भाच्याने मोजल्या. चार बोटं म्हणजे तीन इंच. दादांच्या एकास बाराने तीन फूट फळी पुरते. एक इथल्या सुताराकडे टाकली आहे, खाली दोन आडव्या पट्ट्या, वर सायकलच्या जुन्या टायरचं रबर ठोकून. ती गुरुजी ठेवून घेतो म्हणाले, त्यांच्याकडेही खुर्चीवरचे यजमान येतात आणि त्यांना चौघं उचलतात. खांबांचं मात्र फळीने काही होणार नाही. तिथे दोघांतला एक खांब काढून मधे तीन फूट जागा सोडावी लागेल. तसा अर्ज मराठीत लिहून ठेवला आहे, दादांनी मापं तपासून द्यावीत.

रविवारी पुन्हा जातोय. फळी दाखवली तेव्हा आईने लगेच विचारलं, "मग कपालेश्वराला का नाही?" तिला पायऱ्या आणि एकास बाराचं गणित समजावलं. तिने मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या असाव्यात.

"मग मारुतीच बरा," म्हणाली.