ज्युनिअरचे काम एआयने केले, तर नवा वकील घडणार कसा?

विधी शाखेची विद्यार्थिनी (चौथे वर्ष)

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले निवाडे सादर केले आणि न्यायालयाने पाच हजार डॉलर्सचा दंड ठोठावला, हे सर्वांना ठाऊक आहे. माझी चिंता त्यापलीकडची आहे. निवाडे शोधणे, त्यांची टिपणे काढणे, नोटिशीचा पहिला मसुदा करणे ही कामे आजवर ज्युनिअरकडे येत. ती कंटाळवाणी असली, तरी कोणती वस्तुस्थिती निर्णायक आणि कोणती गौण हे ओळखण्याची नजर त्यांतूनच तयार होते. ती कामे यंत्राकडे गेली, तर ही नजर आम्ही कोठे कमवायची? आणि ती नसताना यंत्राचे उत्तर तपासायचे तरी कशाच्या आधारावर?

उत्तर : दिवाणी बाजूचा वकील

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बनावट निवाडा पकडणे त्यामानाने सोपे असते, कारण तो कोणत्याही संग्रहात सापडत नाही. खरा धोका आहे तो निवाडा अस्सल असून त्यातून काढलेले तत्त्व चुकीचे असण्याचा. अल्पमतातील न्यायमूर्तींचे मत बहुमताचे म्हणून समोर येते, ओघात केलेले भाष्य बंधनकारक तत्त्व ठरते, किंवा न्यायालयाने आधी नोंदवून पुढे फेटाळलेला एका पक्षाचा युक्तिवादच न्यायालयाचा निष्कर्ष म्हणून मांडला जातो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये खास कायदेविषयक संशोधनासाठी तयार केलेली साधने तपासली, तेव्हा त्यांतही साधारण सहापैकी एका किंवा त्याहून अधिक प्रश्नांच्या उत्तरांत अशा चुका आढळल्या. हेडनोटवर, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, विसंबू नये असे आम्हाला पूर्वी बजावत असत, तोच नियम येथे अधिक कठोरपणे पाळावा : ज्या निवाड्याचा आधार घ्यायचा, तो स्वतः पूर्ण वाचावा आणि तो पुढे रद्द ठरला आहे का, हे पाहावे.

उत्तर : कंपनी कायद्याच्या क्षेत्रातील वकील

अशिलाची गुप्तता विसरू नका. अमेरिकन बार असोसिएशन या तेथील वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ मधील आपल्या ५१२ क्रमांकाच्या मतात स्पष्ट केले आहे की, टाकलेल्या माहितीवरून स्वतः शिकणाऱ्या साधनात अशिलाची माहिती देण्यापूर्वी त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी आणि करारातील सरधोपट वाक्य त्यासाठी पुरेसे नाही.

उत्तर : नुकतीच सनद घेतलेली वकील

यंत्र पूर्णपणे दूर ठेवावे असे मला वाटत नाही. क्रम मात्र ठरलेला असावा. मी आधी स्वतः वाचून मसुदा करते आणि त्यानंतरच विरुद्ध पक्षाच्या वतीने त्यावर आक्षेप घेण्यास यंत्राला सांगते. तरीही आपली चिंता रास्त आहे, कारण ज्युनिअर जेवढे मसुदा लिहिताना शिकतो, त्याहून अधिक तो सीनिअरकडून दुरुस्त होऊन परत आल्यावर शिकतो. म्हणून काम स्वीकारताना एवढे जरूर विचारा, की आपला मसुदा तेथे कोण वाचणार आणि बदलांची कारणे सांगायला कोणाला वेळ असणार.