अगदी लहान कॉटेजचा आराखडा: पलंग माळ्यावर की जमिनीवर?

मूळ मत

अडीचशे चौरस फुटांच्या आतले कॉटेज आखायचे म्हटले की पलंग माळ्यावर न्यायचा आणि खाली मोकळी जागा मिळवायची, हे आता जवळजवळ ठरूनच गेले आहे. माझे मत याच्या उलट आहे. १२ बाय २० फुटांचे घर बाहेरून २४० चौरस फुटांचे दिसते. पण भिंती नऊ इंची असतील तर आत साडेदहा बाय साडेअठरा, म्हणजे जेमतेम १९४ चौरस फूट उरतात. त्यातले ३१ चौरस फूट पाच बाय सव्वासहाचा पलंग घेतो, हे मान्य. मात्र माळा सात फुटांवर धरून सात इंच उंचीचे बारा चढ केले आणि पाऊल ठेवायला दहा इंच सोडले, तर जिना नऊ फुटांहून थोडा लांब होतो आणि अडीच फूट रुंदीने सुमारे २३ चौरस फूट अडवतो. एवढा खटाटोप करून हाती आठ चौरस फूट लागतात. माझ्या आईचे गुडघे दुखू लागले तेव्हा आमच्या माळ्यावरची गादी खाली आली ती कायमची. खाली गादीसाठी जागाच सोडलेली नसल्याने ती दोन वर्षे रोज सकाळी गुंडाळून दाराआड उभी करावी लागत होती.

प्रतिसाद १

आपला हिशेब अपुरा आहे. पलंगाला नुसते ३१ चौरस फूट पुरत नाहीत. एका लांब बाजूने उतरायला दोन फुटांची पट्टी लागते, म्हणजे आणखी साडेबारा चौरस फूट गेले. उलट जिन्याखालची जागा वाया जात नाही, कारण कपडे, अंथरुणे, अवजारे ठेवायला जे कपाट कुठेतरी करावेच लागणार होते, ते तिथे सामावते. याहून मोठा मुद्दा सोबतीने राहण्याचा आहे. एकाच खोलीत पलंग असेल तर एक जण झोपला की दुसऱ्याने दिवा मालवून गप्प बसायचे, आणि असे महिनोन्महिने निभत नाही. माळ्यावर उकडते ही तक्रार खरी आहे, पण उतरत्या छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत उघडणाऱ्या खिडक्या दिल्या की गरम हवेला वाट मिळते.

प्रतिसाद २

आपण दोघेही पलंगावर अडला आहात; मला वाटते, लहान घराची जागा खरी खाल्ली जाते ती चालण्याच्या वाटेत. मी आमचा आराखडा गच्चीवर खडूने पूर्ण मापाने काढला, पलंगाच्या जागी चटई टाकली, ओट्याच्या जागी बाक ठेवला आणि दिवसभराची कामे करत फिरून पाहिले. मुख्य दार आखूड भिंतीत होते, त्यामुळे मागच्या न्हाणीघरापर्यंत जायला घराच्या संपूर्ण लांबीची वाट मोकळी ठेवावी लागत होती. तीन फूट रुंदीने तीच पंचावन्न चौरस फुटांची झाली. दार लांब भिंतीच्या मध्यावर आणताच ती निम्म्यावर आली. न्हाणीघराचे अडीच फुटी दार आत उघडताना जवळपास पाच चौरस फूट झाडून घेते, म्हणून ते बाहेर उघडणारे केले. सरकते दार जागा वाचवते खरे, पण त्याने आवाज आणि वास अडत नाहीत. ओटा व न्हाणीघर एकाच भिंतीच्या दोन अंगांना ठेवावेत, हेही आवर्जून सांगतो, कारण सांडपाण्याच्या नळाला फुटामागे पाव इंच उतार द्यायचा तर नळ जितका लांब तितकी जमीन उचलावी लागते.

मूळ लेखकाचे उत्तर

दाराचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. पलंगालगतच्या पट्टीचा मात्र नाही, कारण ती वेगळी काढावी लागत नाही: घराच्या टोकाला कोनाडा करून पलंग त्यात बसवला, समोर पडदा लावला आणि खाली खण केले, तर येण्याजाण्याची वाट हीच उतरण्याची जागा होते. प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी बांधलेली ‘काबानों’ ही छोटी लाकडी झोपडी आतून ३.६६ मीटर लांब आणि तितकीच रुंद आहे, आणि तिथेही झोपण्याची सोय जमिनीवरच आहे. अर्थात तिची नक्कल कोणी करू नये. तिला स्वयंपाकघर नव्हते, जेवण शेजारच्या खाणावळीत होत असे.

प्रतिसाद १ चे उत्तर

तो नमुना एकाच खोलीचा आहे, म्हणून तो माझ्या सोबतीने राहण्याच्या मुद्द्याला उत्तर देत नाही. कोनाड्यात आतल्या बाजूला झोपणाऱ्याला बाहेरच्याला ओलांडून उठावे लागते, चादर बदलताना गुडघ्यांवर आत शिरावे लागते, आणि पडद्याने उजेड अडला तरी बोलणे अडत नाही. तरीही एक अट मी मान्य करतो. अंथरुणावर ताठ बसायला साधारण साडेतीन फूट उंची लागते. छप्पर सपाट असल्यामुळे किंवा उतार कमी असल्यामुळे माळ्यावर तेवढी मिळत नसेल, किंवा जिन्याऐवजी उभी शिडी लावावी लागणार असेल, तर पलंग खालीच ठेवावा आणि माळा पेट्यांसाठी सोडावा.