तोफांपेक्षा जकात महागात पडली
ब्रिटनशी झालेल्या पहिल्या अफूयुद्धातच चीनच्या चिंग घराण्याच्या सत्तेचा निकाल लागला, असं म्हणतात, पण ते अर्धंच पटतं. ते युद्ध संपवणाऱ्या 1842 च्या नानकिंग तहानंतरही ते घराणं सत्तर वर्षं तगलं, तेही तायपिंगसारखं प्रचंड अंतर्गत बंड पचवून. खरा फास तिजोरीला बसला.

1853 मध्ये शांघाय बंडखोरांच्या हाती पडलं, बंदरातल्या मालावर जकात घेणारी कचेरी बंद. पुढच्याच वर्षी ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकनांनी वसुलीवर आपापले निरीक्षक बसवले. तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची झाली! 1863 पासून रॉबर्ट हार्ट हा आयरिश गृहस्थ ते खातं चालवत होता, तेही बादशहाचा नोकर म्हणून. कारभार चोख होता, उत्पन्नही वाढलं. पण आयातीचा दर तहांनी 5 टक्क्यांच्या आसपास बांधलेला. तो वाढवायची बादशहालाच मुभा नाही. त्यात 1895 ला युद्ध जिंकून जपानने 20 कोटी टेल (चिनी वजनाचं माप) चांदी भरपाई म्हणून मागितली. ती फेडायला परदेशी कर्जं काढली, तारण हीच जकात. 1901 ला परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या भरपाईचे आणखी 45 कोटी टेल, 39 वर्षांच्या हप्त्यांनी. घराणं 1912 लाच गेलं, उरलेले हप्ते नव्या प्रजासत्ताकाच्या गळ्यात.