कार्य आठवड्यावर आलं आणि मशीनला वास येऊ लागला : तुमचेही अनुभव सांगा

आई-बाबांच्या लग्नाचा ५० वा वाढदिवस घरीच करायचं ठरलं होतं. राहायला येणारी माणसं चोवीस. म्हणून आठ दिवस आधीच कपाटातल्या जास्तीच्या चादरी, उशांचे अभ्रे, पाहुण्यांसाठी ठेवलेले टॉवेल सगळं मशीनला लावलं. वाळल्यावर आई घड्या घालायला बसली. तिने एक टॉवेल नाकाशी नेला, पुन्हा नेला, आणि घडी न घालता बाजूला ठेवला. मी वास घेऊन बघितला. कडकडीत वाळलेल्या टॉवेललाही ओल्या पोत्यासारखा कुबट वास होता.

आमचं मशीन समोरून दार असलेलं, सात वर्षांचं. या सात वर्षांत ते बाहेरून रोज पुसलं, आतून एकदाही नीट बघितलं नाही. जे रोज साबणाच्या पाण्यात असतं ते मळत असेल हे मनातच आलं नव्हतं. त्या दिवशी दाराचं राखाडी रबर बोटाने मागे ओढलं, तर घडीच्या तळाशी काळा, बुळबुळीत थर. त्यात केस, एक हेअरपिन, दोन नाणी आणि भाच्याचा तान्हेपणीचा मोजा. भाचा आता पहिलीत आहे.

पावडर टाकायचा कप्पा पूर्ण बाहेर निघतो हेही तेव्हाच कळलं. मधली खटकी दाबली की तो हातात येतो. फॅब्रिक कंडिशनरच्या खणावरची टोपी उचलली तर खाली निळसर चिकट गोळा. कप्पा ज्या पोकळीत बसतो तिच्या छतावर काळे ठिपके होते, तिथे जुन्या टूथब्रशशिवाय काही पोचत नाही. रबर साबणाच्या फडक्याने पुसून घेतलं आणि मग मशीन रिकामंच सगळ्यात गरम पाण्यावर चालवलं. पहिल्या खेपेला काचेतून करड्या रंगाचे पापुद्रे फिरताना दिसले. तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ आलं. टॉवेल पुन्हा धुतले आणि आईच्याच हातात दिले. तिने वास घेतला आणि घडी घातली.

हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं असं फार वाटलं, म्हणून तुम्हाला विचारते आहे. घरात काही कार्य असलं की आपण कोपरा न् कोपरा काढतो. त्या वेळी तुमच्याकडे काय निघालं, काय बिघडलं, कोणी हात लावला आणि कोणी लावला नाही, सगळं सांगा.

* * *

ताई, मी बावीस वर्षं मशीन दुरुस्तीचं काम केलं. कार्याच्या दोन दिवस आधी येणारे फोन सगळ्यात जास्त, आणि त्यातली तक्रार बहुधा एकच: पाणी बाहेर जात नाही. समोरून दार असलेल्या मशीनला बहुतेक वेळा खाली एका कोपऱ्यात छोटं झाकण असतं. त्यामागे ड्रेन पंपाचा फिल्टर. पुष्कळ घरांत मशीन आल्यापासून ते झाकण उघडलेलंच नसतं.

उघडायची रीत सांगतो. प्लग काढा. गरम पाण्याची फेरी नुकतीच झाली असेल तर थांबा, भाजेल. खाली पसरट ताट आणि जाड फडकं ठेवा. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून आधी साठलेलं पाणी सोडा. मग फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा. बाहेर काढल्यावर आतल्या पोकळीत टॉर्च मारून पंपाचा पंखा बघा, त्याला दोरा गुंडाळलेला असतो. परत बसवताना आटे नीट धरले नाहीत तर पुढच्या धुण्याला घरभर पाणी होतं.

एका घरी लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि मशीन बंद. फिल्टरमध्ये सोन्याच्या कानातल्याची फिरकी निघाली. दोन वर्षांपूर्वी हरवलेली, त्यासाठी घरात मोठा वाद झाला होता. आजींनी ती फिरकी तळहातावर घेतली आणि काही वेळ कोणीच बोललं नाही. दुरुस्ती काहीच नव्हती. मी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

अजून एक सांगतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा एक आधार असतो, आम्ही त्याला स्पायडर म्हणतो. तो बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. पावडर जास्त टाकली की तिचा चिकटा त्याच्या खाचांत बसतो, आणि त्या अल्कलीने धातू हळूहळू खाल्ला जातो. तो तुटला की ड्रम घासायला लागतो आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक नवीन मशीन घेतात. पावडर कमी टाका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. समोरून दार असलेल्या मशीनला कमी फेसाचीच पावडर लागते, पुष्कळ फेस झाला तर कपडे एकमेकांवर आपटतच नाहीत आणि मळ निघत नाही.

* * *

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या टॉवेलच्या वासाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासामागे मुख्यतः मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, असं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. तो कापडात उरलेल्या घामातल्या आणि त्वचेच्या तेलकटपणातल्या घटकांवर जगतो आणि वासाचं एक आम्ल तयार करतो. तो कोरडेपणाही बराच सोसतो. म्हणून वाळलेला टॉवेल पुष्कळदा ठीक वाटतो आणि तोंड पुसून ओला झाला की पुन्हा वास मारतो.

आपण सगळेच आता थंड पाण्यात कपडे धुतो. वीज वाचते, रंग टिकतात, ते बरोबरच आहे. पण महिन्यातून एकदा टॉवेल आणि चादरी ६० अंशांवर धुवा, मशीनलाही त्याचा उपयोग होतो. कापडाच्या लेबलवर परवानगी आहे ना तेवढं बघा. वास मुरलेलाच असेल तर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, गरम पाण्यात वापरा. थंड पाण्यात ते फारसं काम करत नाही. आणि टॉवेलला फॅब्रिक कंडिशनर नको. धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी शोषेनासा होतो.

* * *

एक प्रश्न. मी व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र टाकून मशीन साफ करतो. छान फसफसतं. बरोबर आहे का?

* * *

(मशीन दुरुस्तीवाले काका पुन्हा) फसफसतं खरं, पण तिथेच दोघांचं बळ संपतं. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ साधं खारट पाणी उरतं. व्हिनेगर वारंवार रबराला मानवतही नाही. तुमच्याकडे जड पाणी असेल आणि आत पांढरी खर दिसत असेल तर सायट्रिक ॲसिड किंवा मशीनसाठी मिळणारी डिस्केलर पावडर एकटीच टाका. खर हीटरवर सगळ्यात जास्त धरते, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला क्षार कॅल्शियम कार्बोनेट होऊन तिथेच बसतो. पाणी भरायला फार वेळ लागत असेल तर नळ बंद करून मागचा पाइप सोडवा. जिथे तो मशीनला जोडला जातो तिथे बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती गाळाने भरलेली असते.

* * *

सायट्रिक ॲसिडचं वाचून माझंही सांगते. मशीनचं झाल्यावर उरलेलं पाणी मी उत्साहाने संगमरवरी ओट्यावर ओतून पुसलं. ओट्याची चकाकी गेली ती गेलीच. संगमरवरसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच. जे आम्ल खर खातं ते दगडही खातं. पाहुणे आले तेव्हा त्या डागावर मी फुलदाणी ठेवली होती.

* * *

हे लिहायला मला अवघड जातंय, पण लिहिणार आहे. भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी बाथरूम घासायला घेतलं. संडासात अ‍ॅसिडचं क्लीनर टाकलं होतं, ते धुऊन न टाकताच वर ब्लीच ओतलं. दोन्हींनी मिळून दुप्पट स्वच्छ होईल असं वाटलं. दार लावलेलं, खिडकी बारीक. काही क्षणांत घसा आवळला, डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना. मोठ्या बहिणीने दार ढकललं, मला ओढून गच्चीवर नेलं आणि तिथून दवाखान्यात. लग्नात मी होते, पण खुर्चीवर बसून. खोकला पुढे बरेच दिवस राहिला.

घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात कुठलंही आम्ल मिसळलं, मग ते संडासाचं क्लीनर असो, व्हिनेगर असो की सायट्रिक ॲसिड, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको, त्यातूनही विषारी वायू निघतात. मशीनमध्येसुद्धा हेच. एका फेरीत ब्लीच घातलं असेल तर मध्ये नुसत्या पाण्याच्या फेऱ्या करा आणि डिस्केलर दुसऱ्या दिवशी. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या. कार्याच्या घाईत आपण बाटल्या वाचत नाही. कृपा करून वाचा.

* * *

माझं अर्धं स्वयंचलित मशीन आहे, दोन टबांचं, एकोणीस वर्षांचं. नातसून म्हणते बदला. धुणं झालं की दोऱ्या-धाग्यांची जाळीची पिशवी उलटी करून धुते, दोन्ही झाकणं उघडी ठेवते. वर्षातून एकदा मुलगा खालच्या फिरत्या चकतीचा मधला स्क्रू काढतो, चकती उचलतो आणि तळ घासतो. तिथे निघणारा गाळ बघितलात तर दर वर्षी काढाल. एवढंच करते, बाई. मशीन चालतंय.

* * *

पाहुण्यांची खोली उघडली की येणाऱ्या वासाचं कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे मागचं बाथरूम एरवी वापरात नसतं. कार्याच्या आधी दोनदा फिनेल टाकलं, उदबत्त्या लावल्या, वास जाईना. प्लंबरने एक बादली पाणी मोरीत ओतलं आणि म्हणाला, झालं. जाळीखालच्या वाकात पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. महिनोन्‌महिने पाणी पडलं नाही की ते सुकून जातं. आता दर रविवारी तिथे एक बादली.

आणि पंख्याची पाती जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसा. धूळ अभ्र्यातच राहते, गादीवर सांडत नाही.

* * *

वस्तूंबद्दल सगळ्यांनी लिहिलं, मी माणसांबद्दल लिहिते.

आमचं एकत्र कुटुंब, अकरा जण. कुठलंही कार्य आलं की आधीचे पंधरा दिवस मी आणि धाकटी जाऊ माळ्यावर, ओट्याखाली, मशीनमागे. कार्याच्या दिवशी येणारा प्रत्येक जण सासूबाईंना म्हणायचा, घर काय छान ठेवलंय तुम्ही. त्या आमच्याकडे बोट दाखवायच्या, तसं नाही म्हणणार. पण कंबर आमची धरायची. एका वर्षी जाऊबाई कार्यात हसतमुखाने वावरल्या आणि रात्री माझ्या खोलीत येऊन रडल्या. म्हणाल्या, वहिनी, मला आज कोण आलं होतं तेसुद्धा आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जेवताना सगळ्यांसमोर बोलले. मदत करा असं म्हटलं नाही. आजवर मदत मागितली तेव्हा काय करू ते सांगत बसण्याचं कामही आमच्याकडेच राहायचं. मी म्हटलं, वस्तू वाटून घेऊ या, वर्षभरासाठी. पंखे मोठ्या दिरांचे. फ्रिज आणि त्याच्या दाराचं रबर माझ्या नवऱ्याचं. मोऱ्या आणि जाळ्या माझ्या मुलीच्या. सासऱ्यांनी स्वतःहून दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या घेतल्या, ते तेलाची कुपी घेऊन घरभर फिरतात. ज्याची वस्तू त्यानेच लक्षात ठेवायचं, कोणी आठवण करायची नाही. पहिले दोन महिने पंखे काळे झाले तरी आम्ही दोघी गप्प बसलो. ते सगळ्यात कठीण होतं.

मशीनचा फिल्टर पुतण्याने मागून घेतला. तो बारा वर्षांचा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट, टॉर्च, फडकं घेऊन बसतो. प्लग काढल्याचं आजोबांना दाखवतो, मग झाकण उघडतो. निघालेलं सगळं एका काचेच्या बरणीत ठेवतो: बटणं, खिळे, पेनाची टोपणं, अंतर्वस्त्रातली एक तार. ती तार बघून आम्ही नाजूक कपडे जाळीच्या पिशवीत घालून धुवायला लागलो. आणि स्वयंपाकघराच्या दारावर त्याच्याच हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे: खिसे तपासा.

या वर्षी मुलीचं लग्न घरातून झालं. आदल्या संध्याकाळी चार वाजता मी आणि जाऊबाई गॅलरीत बसून हातावर मेंदी काढून घेत होतो. उठून कुठे बघायला जावं असं काही उरलंच नव्हतं.

* * *

वहिनी, तुमचं दोनदा वाचलं. आमच्या त्या वाढदिवसाच्या रात्रीचं सांगते. चोवीस माणसांचे ओले टॉवेल एका टोपलीत साठले होते. माझा विचार सकाळी लावायचा होता, पण रात्रभर ओले राहिले तर तोच वास परत. मग धाकटा भाऊ आणि मी अकरा वाजता मशीनपाशी उभे राहिलो. निम्मेच कपडे घातले, वर पालथा हात जाईल एवढी जागा ठेवून, आणि दोन खेपा केल्या. बाबा आतल्या खोलीतून विचारत होते, अजून काय चाललंय. दुसरी खेप संपली तेव्हा साडेबारा झाले होते. दोरीवर टॉवेल टाकून आम्ही दिवा मालवला, तेवढ्यात अंधारातून आईचा आवाज आला, "दार उघडं ठेवलंस ना गं मशीनचं?"