सोलापूर दोन दिवस : गाडी भाड्याने घ्यायची तर कुठली, आणि कुठपर्यंत न्यायची?

पायवाट_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरमधला एक शनिवार-रविवार सोलापूरसाठी ठेवला आहे. आम्ही दोघं आणि आई-बाबा, असे चौघे. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, बाबांना फार पायऱ्या जमत नाहीत. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर, नळदुर्ग, हत्तरसंग कुडल आणि जमलं तर विजापूर असं मनात आहे. देवदर्शनापेक्षा जुनी बांधकामं आणि शिलालेख बघण्यात जास्त रस आहे.

प्रश्न असे :
१) सेल्फ ड्राइव्ह घ्यावी की ड्रायव्हरसह?
२) ड्रायव्हरसह गाडीला 'दिवसाला किमान ३०० किलोमीटर' असं सांगतात. नळदुर्गला जाऊन यायला एवढे होतच नाहीत, मग हिशोब कसा धरायचा?
३) कुडलच्या रस्त्याला साधी हॅचबॅक चालेल का?
४) एकाने पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी बरीच स्वस्तात देऊ केली आहे. घ्यावी का?

बाळीवेस_कट्टा

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात चुकलात तर बाकी सगळं वाया. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका ओ. पांढरी पाटी म्हणजे खाजगी वापर. ड्रायव्हरसह टॅक्सीची पाटी पिवळी आणि त्यावर काळी अक्षरं असतात, तर परवाना असलेल्या सेल्फ ड्राइव्हची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. खाजगी गाडी भाड्याने फिरवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे विनापरवाना वाहतूक होते. दंड मालकाला बसेल, पण गाडी अडकली की भर रस्त्यात आई-बाबांना घेऊन तुम्ही उभे राहणार. त्याहून मोठा धोका विम्याचा. खाजगी पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे गाडी ठोकली तर कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते आणि मालक ते पैसे तुमच्याकडे मागतो. 'कोणी विचारलं तर पाहुणे आहोत म्हणा' असं जो शिकवतो, त्याची गाडी तर नकोच.

आता गावातलं. किल्ला आणि सिद्धेश्वरसाठी गाडी लागत नाही. रेल्वे स्टेशनपासून पार्क चौक रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. किल्ल्याचं दार हुतात्मा बागेतून आहे. बहमनी काळातला भुईकोट, बाहेर खंदक, तटाची दुहेरी ओळ, आणि आत जुन्या मंदिराचे कोरीव खांब. खांब अवश्य बघा, बहुतेक लोक बागेतूनच परत फिरतात. आतली जमीन बऱ्यापैकी सपाट आहे, बाबांना जमेल. फक्त तटावर चढायला लावू नका, पायऱ्या उंच आहेत आणि कठडा सगळीकडे नाही.

तिथून सिद्धेश्वर मंदिर जवळच, तलावाच्या मधोमध. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी तिथे आहे. चार हुतात्मा पुतळाही त्याच भागात आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे हे पुतळे. पुण्याहून येणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचं नाव त्यांच्यावरूनच. महापालिकेचं इंद्रभुवनही लगेच बघून होतं.

नवी पेठ, मधला मारुती, चाटी गल्ली या भागात भाड्याची गाडी घालू नका. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाकी, समोरून हातगाडी आली की मागे घेताना आरसा किंवा बंपर घासतो, आणि ते पैसे डिपॉझिटमधून जातात. चादरी-टॉवेल घ्यायला जायचं तर रिक्षा करा, भाडं बसण्याआधी ठरवा.

मीटर_रीडिंग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ३०० किलोमीटर किमान ही अट बाहेरगावच्या दराला असते. सोलापूर–नळदुर्ग सुमारे ५० किमी, नळदुर्ग–तुळजापूर ३०-३५, तुळजापूर–सोलापूर ४५. सगळं मिळून १३०. त्या दिवशी बाहेरगावचा दर घेतलात तर न चाललेल्या १७० किमीचे पैसे देता.

त्याऐवजी '८ तास ८० किमी' हे लोकल पॅकेज मागा आणि वरच्या किलोमीटरचा व तासाचा दर आधी ठरवा. आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून धरतो, प्रत्यक्ष दर विचारून घ्या. समजा पॅकेज २,००० रुपये, जादा किलोमीटर १४ रुपये, जादा तास १५०. तर २,००० + (५० × १४) + (२ × १५०) = ३,०००. तेच बाहेरगावच्या दराने १३ रुपये धरले तर ३०० × १३ = ३,९००, वर ड्रायव्हर भत्ता ४०० म्हणजे ४,३००. काही जण पॅकेजची गाडी जिल्ह्याबाहेर नेत नाहीत, आणि नळदुर्ग-तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात येतात. म्हणून फोनवर गावांची नावं घेऊनच विचारा.

विजापूरच्या दिवशी मात्र ३०० ची अट बोचत नाही. जाऊन-येऊन २०० किमी, त्यात कुडलचा फाटा आणि गावातलं फिरणं धरलं की अडीचशेच्या आसपास होतातच.

आणि बुक करताना हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या : किलोमीटर 'गॅरेज टू गॅरेज' धरणार की तुम्ही बसल्यापासून, टोल-पार्किंग कोणाकडे, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता किती वाजल्यापासून. भांडणं होतात ती पहिल्यावरूनच. गॅरेज होटगी रोडच्या टोकाला आणि तुम्ही स्टेशनजवळ असलात तर दोन्ही वेळचे किलोमीटर तुमच्या बिलात येतात. बसताना आणि उतरताना मीटरचा फोटो काढा, तोही ड्रायव्हरच्या समोर, म्हणजे नंतर बोलाचाली होत नाही.

सीना_काठ

कुडलला हॅचबॅक आरामात जाते, पण पावसाचा भरवसा बघून. विजापूर रस्त्याने वडकबाळजवळ सीना ओलांडायची, पुढे महामार्ग सोडला की शेवटचे किलोमीटर गावाकडचा अरुंद रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला तर एक चाक साईडपट्टीवर उतरवावं लागतं. कोरड्यात काही नाही. पण ही सगळी काळी माती आहे. पाऊस पडून गेला की ती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करते, मग पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी आणखी खाली बसते. अशा वेळी डांबर सोडू नका, गाडी वर ठेवून चालत जा. सप्टेंबर २०२५ च्या पुरात याच सीनेमुळे महामार्गाची वाहतूकसुद्धा थांबली होती, तेव्हा पावसाळ्यात येणाऱ्यांनी निघण्याआधी चौकशी करावी. तुम्ही डिसेंबरात येताय, काळजी नाही.

गाडी लावताना वेड्या बाभळीखाली लावू नका. सावली बघून मोह होतो, पण वाळलेले काटे जमिनीवर पडलेले असतात. ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतला तर हवा लगेच जात नाही, तास-दीड तासाने परतीच्या वाटेवर गाडी एका बाजूला ओढू लागते. निघण्याआधी चारही टायरवरून हात फिरवा. काटा दिसला तर तिथेच उपटू नका, पंक्चरवाल्यापर्यंत तसाच जाऊ द्या.

आता बघायचं काय. भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन मंदिरं. तुम्हाला शिलालेखात रस आहे म्हणून सांगतो, संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. तो डोक्याच्या वर आहे आणि सरळ बघितलं तर दगडाच्या खरबरीतपणात अक्षरं हरवतात. मोबाईलचा दिवा अक्षरांवर समोरून मारू नका, एका कडेला धरून तिरपा पाडा. खाचांत सावली पडली की अक्षरं उठून दिसायला लागतात. एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका. हरिहरेश्वरात बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. प्रत्येक चेहरा निरखून बघण्यासारखा आहे. दोन्ही मंदिरांना मिळून दीड तास ठेवा, अर्ध्या तासात उरकण्याची ही जागा नव्हे.

घाटमाथा७१

विजापूरबद्दल थोडक्यात. भीमा ओलांडली की कर्नाटक. टॅक्सीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तर वेगळा कर लागत नाही. नसेल तर आधी परिवहनच्या पोर्टलवर कर्नाटकचा कर भरावा लागतो, आणि तो तुमच्या बिलात येतो. परमिटची फी तीन महिन्यांची किंवा वर्षाची भरलेली असते, म्हणून नुसतं 'आहे' म्हणून चालत नाही, मुदतीची तारीख बघा. सेल्फ ड्राइव्हलाही हेच विचारा. काहींच्या करारात राज्याबाहेर नेण्यावर बंदी असते. आणि पाट्यांवर विजापूर शोधत बसू नका, तिकडे 'विजयपुर' लिहिलेलं असतं.

पायवाट_ठाणे

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. पांढऱ्या पाटीवाल्याला नाही कळवलं. सेल्फ ड्राइव्हचा विचार अजून आहे. रात्री उशिरा परतलो तर चालेल का? आणि विजापूर-कुडल एकाच दिवशी आई-बाबांना झेपेल?

स्टेपनी_जॅक

रात्री नको, हे अगदी कळकळीने सांगतो. डिसेंबर म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. उसाने भरलेल्या डबल ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला, वेग वीस-पंचवीस. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात ट्रॉलीची मागची बाजू अजिबात दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ब्रेक लागण्याइतकं अंतर उरत नाही. ऊस ट्रॉलीच्या रुंदीबाहेर आलेला असतो, त्यामुळे ओव्हरटेक करतानाही अंदाज चुकतो. सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्याआधी सोलापुरात या. इथला रस्ता सवयीचा नसेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर माझं मत ड्रायव्हरसह गाडीचंच.

तरीही सेल्फ ड्राइव्ह घेणार असाल तर ताब्यात घेताना घाई करू नका, पंधरा मिनिटं द्या. गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ, त्यात रिम, बंपरचा खालचा काठ आणि काचेवरचे तडे यावेत. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, ही कायद्याचीही मर्यादा आहे. डिकी उघडून स्टेपनी दाबून बघा, जॅक आणि पाना आहे का ते बघा. सीएनजी गाडीत सिलिंडरमुळे डिकी जवळजवळ संपते आणि स्टेपनी काढायला आधी सामान उतरवावं लागतं. चौघांच्या बॅगा असतील तर पेट्रोल गाडीच मागा. फास्टॅगमध्ये शिल्लक किती आणि रिचार्ज कोणी करायचा, इंधनाचा काटा कुठे होता, हे त्याच व्हिडिओत बोलून घ्या. विम्यात टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा धरलेला नसतो, आणि गावाकडच्या स्पीडब्रेकरवर नेमका तोच घासतो. चौघे बसल्यावर गाडी खाली बसते, तेव्हा ब्रेकर तिरपा घ्या. परवान्याच्या गाडीला वेग-नियंत्रक असेल तर ती ८० च्या वर जात नाही. ओव्हरटेक करताना ते लक्षात ठेवा.

बाळीवेस_कट्टा

झेपण्याचं म्हणाल तर क्रम बदला. मुंबईहून वंदे भारतने आलात तर रात्री साडेदहानंतर पोहोचता. त्यापेक्षा शुक्रवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडा, सकाळी सोलापूर.

शनिवारी सकाळी किल्ला आणि सिद्धेश्वर रिक्षाने. अकराला गाडी बोलवा आणि नळदुर्ग. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल केला. बांधावरून पाणी पडतं ते नर-मादी धबधबे नदी भरून वाहते तेव्हाच, डिसेंबरात त्यांची आशा धरू नका. पण पाणी नसताना बांधकाम नीट बघता येतं. महालात उतरायच्या पायऱ्या अरुंद आहेत, बाबांना बांधावरच थांबवा, तिथूनही रणमंडळाची, म्हणजे नदीपलीकडच्या जोडकिल्ल्याची, बाजू छान दिसते. परतताना तुळजापूर करायचं तर पौर्णिमा नाही ना ते बघा. मंगळवार-शुक्रवारीही गर्दी असते, पण तुमचा शनिवार आहे.

रविवारी सातला निघा आणि आधी विजापूर. गोलघुमटाच्या वरच्या सज्जातला प्रतिध्वनी ऐकायचा तर सकाळीच, उशिरा गेलात की आरडाओरड्यात काही ऐकू येत नाही. वर जायच्या पायऱ्या खूप आहेत, आई-बाबांनी खालूनच घुमट बघावा. मग इब्राहिम रोजा. शनिवारी ज्याचा पाणीमहाल बघितला, तोच इब्राहिम आदिलशहा तिथे चिरनिद्रा घेतोय, आणि ही जागा फार चढउतार न करता बघता येते. जेवून साडेबाराला निघालात तर अडीचपर्यंत कुडल, चारला तिथून निघायचं. रात्रीची सिद्धेश्वर परतीला आहेच. मधल्या वेळात शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून घ्या.

सीना_काठ

बरोबर आहे क्रम. दुपारी कुडलला पोहोचाल तेव्हा बाहेर ऊन आणि आत अंधार असेल, मोबाईल पूर्ण चार्ज करून न्या.